वाघ मोजणारं शास्त्र

चोरखमारा गेटातून नागझिऱ्याच्या जंगलात शिरणारे पाहुणे वाघ ‘दिसला की नाही’ एवढंच मोजतात. खरी मोजणी झाडांना बांधलेले कॅमेरे करतात: पट्ट्यांवरून वाघ ओळखायचा, तोच पुन्हा कितीदा सापडतो त्यावरून न सापडलेल्यांचा अंदाज बांधायचा. २०२२ च्या गणनेतले देशातले ३,६८२ वाघ हाही सरासरी अंदाजच, किमान ३,१६७. म्हणजे संख्याशास्त्राची प्रयोगशाळा तिरोडा तालुक्याच्या दारात उभी, आणि इथल्या पोरीने तेच शिकायचं म्हटलं की चार जण विचारणार, ‘‘बीएड तरी करशील ना?’’

लहान विद्यापीठात गणित, संख्याशास्त्र हे विषय धड शिकता येत नाहीत, हा आक्षेप ऐकायला भारदस्त. पण गणिताला ना गॅस लागतो ना परीक्षानळी. नागपूर विद्यापीठातून वेगळं काढून २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ उभं राहिलं. तिथला खडू काही वेगळी बेरीज लिहीत नाही. शिकवायला माणूसच नसेल तर? हा आक्षेप मात्र खरा. वाघ दिसला नाही तर त्याचा अंदाज काढतात. प्राध्यापक दिसला नाही तर ‘तासिका तत्त्वा’ची जाहिरात काढतात. आणि त्या माणसाचा पगार काढताना अंदाज अजिबात चालत नाही, तिथे तासातासाचा हिशेब लागतो.