पकडीत सापडलेला माणूस

घराला एक पक्कड पुरते, हे मला मान्य आहे. आधीच कबूल केलेलं बरं, कारण ज्यांच्याशी वाद घालायचा आहे ती मंडळी नेमकी हीच गोष्ट सिद्ध करण्यात सगळी शक्ती घालवतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण, शेगडीचं तुटलेलं बटण, गंजलेली कडी आणि भिंतीतून अर्धाच बाहेर आलेला खिळा, एवढ्यात आपल्या घरांचं यंत्रयुग आटोपतं. ही चारही कामं ओट्याखालच्या खणात, किसणीच्या खाली सापडणारी एकुलती एक पक्कड निमूटपणे करते. माझ्याकडे चौदा आहेत आणि पंधरावी मनात आहे. गरज हाच निकष लावला तर मी पहिल्याच वाक्यात हरलो. पण चांगल्या हत्याराला गरजेच्या मापानं मोजणं हाच मुळात त्याचा अपमान आहे, असं माझं म्हणणं आहे. आज विकायला येणाऱ्या बहुतेक वस्तू गिऱ्हाइकाच्या आधी मरायच्या बेतानं केलेल्या असतात. फोन तीन वर्षांत म्हातारा होतो, आणि नवा मिक्सर जुन्या मिक्सरच्या वयाचा कधी होतच नाही. घडवून काढलेली पक्कड मात्र करणाऱ्यानं गिऱ्हाइकाच्या नातवाचा विचार करून केलेली असते. असल्या वस्तूंची संगत धरावीशी वाटणं ही चैन नव्हे, एवढं मला पटवून द्यायचं आहे. मुख्यतः स्वतःला, घरचे पटण्याच्या पलीकडे गेलेले आहेत.

पहिला आक्षेप अर्थातच किमतीचा. दहा रुपयांचं वायसर बदलायला तीन हजारांची पक्कड म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आक्षेप घेणारा म्हणतो, तरफेचा नियम स्वस्त पकडीलाही लागू आहे. आहेच. मूठ खिळ्यापासून पंधरा सेंटिमीटरवर आणि तार दीड सेंटिमीटरवर असली की जोर दसपट होणार. हा हिशेब आर्किमिडीजपासून बदललेला नाही. महाग पकडीत तरफ जास्त नसते, ती वाया कमी जाते. ढिल्या खिळ्याच्या पकडीत मुठीतला निम्मा जोर जबडे एकमेकांवरून घसरण्यात खर्च होतो आणि तार चेपते, पण तुटत नाही. शिवाय पोलाद. लाल केलेला तुकडा साच्यात ठोकून घडवला की धातूच्या आतले तंतू आकाराबरोबर वळतात. तोच नुसता ओतला तर हा वळसा मिळत नाही. पुढे कापणारी धार वेगळी तापवून कडक करावी लागते, कारण अख्खी पक्कड तेवढी कडक केली तर जबडा काचेसारखा उडेल आणि अख्खी मऊ ठेवली तर पहिल्याच तारेनं धारेला खाच पडेल. कडक आणि चिवट हे दोन स्वभाव एकाच तुकड्यात, बोटभर अंतरावर नांदवायचे! आघाडी सरकारांना हे पाच वर्षं जमत नाही. म्हणून मी दुकानात पक्कड मिटून ट्यूबलाइटकडे धरतो आणि धारेच्या फटीतून उजेड येतो का बघतो. मग एक मूठ धरून दुसरी सोडून देतो. ती स्वतःच्या वजनानं सावकाश खाली यावी, पण बाजूला डुगडुगू नये. मुंबईच्या हत्यारबाजारात, नागदेवी स्ट्रीटवरच्या कुठल्याही दुकानदाराला या तपासणीवरून गिऱ्हाईक कोण आहे ते लगेच कळतं. कारागीर पक्कड उचलतो, दोनदा उघडझाप करतो आणि पैसे मोजतो. उजेडाकडे धरून डोळे बारीक करणारा हमखास नोकरदार असतो.

दुसरा आक्षेप संख्येचा: बरं, चांगली घे, पण एक घे. इथे माझ्या पाठीशी थेट सुश्रुत उभा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय हा जगातला पहिला हत्यारांचा कॅटलॉग आहे असं माझं प्रामाणिक मत आहे, आणि तो न वाचता लोक वैद्यकात पडतात याचं मला वाईट वाटतं. त्यात एकशे एक यंत्रं सांगितली आहेत. त्यांतली चोवीस नुसती स्वस्तिक यंत्रं, म्हणजे दोन भुजा एकमेकींवर आडव्या टाकून मधे खिळा मारलेल्या, म्हणजेच आपल्या पकडी. लांबी अठरा अंगुळं, फुटाहून थोडी जास्त. खिळा मसुराच्या दाण्याच्या आकाराचा. जबड्यांना एकेका प्राण्याचं नाही तर पक्ष्याचं तोंड: सिंह, वाघ, लांडगा, अस्वल, कावळा, कंक. कामं वाटून दिलेली. शरीरात रुतलेलं शल्य डोळ्याला दिसत असेल तर सिंहमुख वगैरे, खोल लपलेलं असेल तर कंकमुख. कंक म्हणजे लांब चोचीचा बगळ्याच्या जातीचा पक्षी, आणि सगळ्यांत श्रेष्ठ तेच, कारण ते सहज आत जातं, घट्ट धरतं आणि सहज बाहेर येतं. आपण विजेच्या सामानाच्या दुकानात जाऊन ‘नोज प्लायर’ मागतो ते हेच. बगळा गेला आणि नुसतं नाक राहिलं. सुश्रुताच्या घरीही कुणीतरी विचारलंच असेल की अहो, सिंह आहे ना, मग वाघ कशाला? ग्रंथात त्याचं उत्तर नाही, पण चोवीस भरल्या, यावरून वादात कोण जिंकलं ते दिसतं. त्यापुढे संदंश यंत्रं दोन, सोळा अंगुळांची, कातडं-मांस-शिरांत रुतलेलं शल्य काढायला. हा संदंशच पुढे झिजत झिजत सांडशी झाला आणि शल्यगृहातून स्वयंपाकघरात आला. उकळत्या दुधाचं पातेलं उतरवणाऱ्या बाईच्या हातात दोन हजार वर्षांपूर्वीचं शस्त्रक्रियेचं उपकरण असतं आणि तिला त्याचं काहीही वाटत नाही, ही मला एखाद्या शिलालेखाइतकी थोर गोष्ट वाटते. सर्वांत कहर म्हणजे यंत्रांचे बारा दोष. अग्राही, म्हणजे धरतच नाही. विषमग्राही, एका बाजूनं धरते. शिथिल. मृदुमुख, जबडा मऊ. मृदुकील, खिळा कच्चा. पदपथावर शंभर रुपयांना तीन या भावानं मिळणारा पकडींचा संच घ्या. एकाच वस्तूत निम्मे दोष सोदाहरण सापडतील. माझी ती ट्यूबलाइटची तपासणी म्हणजे विषमग्राही दोषाची परीक्षाच, फक्त ती मला सुश्रुत वाचायच्या आधीपासून येत होती हे नम्रपणे नमूद करतो. कॅटलॉगातून बाहेर यायला हवं, पण पाय निघत नाही.

तिसरा आक्षेप थोडा बोचरा आहे. नाशिकच्या सातपूरमध्ये उत्तम पकडी होत असताना जर्मनीकडे डोळे कशाला? खरं आहे. टापारिया कंपनीनं १९६९ साली एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक मदतीनं हत्यारं करायला सुरुवात केली आणि आज महाराष्ट्रातल्या मेकॅनिकच्या पिशवीत तिचं एक तरी पिल्लू असतंच. ही कंपनी मला दुसऱ्याही कारणानं आवडते. तिच्या शेअरचा भाव कित्येक वर्षं दहा रुपयांच्या आत पडून होता आणि एका शेअरमागे ती वाटायची तो लाभांश त्या भावाहून मोठा. ज्यांच्याकडे होता ते विकतच नव्हते. भाव नुसता कागदावर. याला मी शेअरबाजार म्हणत नाही, संग्राहकांचं कुटुंब म्हणतो. स्वीडनचा धागाही साधा नाही. स्क्रू पान्याला आजचं रूप देणारा युहान पेटर युहान्सन हा एन्शेपिंग गावचा कारागीर. त्याच्या स्क्रू पान्याचं पेटंट १८९० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांतलं. तरीही पंधरावी पक्कड मला वूपर्टालच्या क्रोनेनबर्ग भागातली हवी आहे, जिथे १८८२ पासून क्निपेक्सच्या पकडी घडतात. यात पोलादाचा भाग किती आणि ‘क्निपेक्स’ हा शब्द क न गिळता उच्चारून समोरच्याला हळूच दुरुस्त करण्याच्या सुखाचा किती, याचा मी हिशेब मांडलेला नाही. मांडला तर पोलाद हरेल. पण नुसत्या दिमाखाचंच हे प्रकरण नाही. विल्यम पीटरसन हा डेन्मार्कहून आलेला लोहार अमेरिकेत नेब्रास्कामधल्या डेविट या गावात भाता चालवायचा. तापलेला तुकडा धरून ठेवायला तिसरा हात नाही, म्हणून त्यानं मिटली की आपोआप घट्ट बसणारी पक्कड काढली. पेटंटं १९२१ आणि १९२४ ची. मग त्या एवढ्याशा गावात पिढ्यान्‌पिढ्या लोक तीच पक्कड करत राहिले. २००८ साली तो कारखाना बंद पडला आणि काम चीनला गेलं. पकडीवरचं नाव तेच राहिलं, गावाचं नाव तेवढं पुसलं गेलं. स्वस्त पक्कड स्वस्त का असते याचं उत्तर दरवेळी पोलादात सापडत नाही.

आता शेवटचा आक्षेप. तो खरा आहे, म्हणून शेवटी ठेवला. ही हत्यारं वापरतो कोण? नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण माझ्याबाबतीत उलटी पडते. अंगण सारवलेलं आहे, रांगोळी आहे, वर मांडवही आहे. फक्त नाच येत नाही. खंडेनवमीला चौदाही जणी पाटावर मांडून मी त्यांना झेंडू वाहतो. ग्रीसचा डाग त्यांच्या अंगावर शोधून सापडणार नाही. आहे तो हळदीचा. बचावात एवढंच म्हणता येईल, की उघडायला काही उरलंय का? चार्जर डिंकानं मिटवलेला, फोनचे स्क्रू कुठल्याच पेचकसाला ओळख न देणारे, पंख्याच्या रिमोटला तर स्क्रूच नाही. वस्तू उघडताच येऊ नये अशी ती करायची आणि मग ‘आजकाल कुणाला हातानं काही येत नाही’ म्हणायचं, याची मला खरीच चीड आहे. पण तेवढ्यानं मी सुटत नाही. आमच्या पांढरपेशा घरांत हत्याराला वर्षातून एकदा फूल वाहतात आणि ते चालवणाऱ्या हाताला चहा वेगळ्या कपातून देतात. ‘शिकला नाहीस तर पाने-पकडी घेऊन फिरशील’ ही धमकी इतकी लागू पडली, की दोन पिढ्यांना फ्यूज बांधता येईना. मग चार पैसे आले, आणि ज्या वस्तूची भीती घातली होती तीच वस्तू, लाल मुठीची, आम्ही कौतुकानं खणात निजवून ठेवू लागलो. कुठल्याही जुन्या वायरमनची पक्कड बघा. मुठीवरचं प्लॅस्टिक केव्हाच गेलेलं, त्या जागी काळी टेप, तीही सुटत आलेली. धारेच्या मधोमध एक वितळलेला खळगा असतो. चालू तार कापली गेली तेव्हा तिथे ठिणगी उडालेली असते. एक क्षण इकडचा तिकडे झाला असता तर, हे त्या खळग्यात लिहिलेलं असतं. आणि १००० व्होल्टपर्यंत सुरक्षित असा छाप असलेली मूठ माझ्याकडे आहे, ज्याचा विजेशी संबंध बिल भरण्यापुरता.

मग देऊन टाक एखाद्या वायरमनला, असं कुणी म्हणेल. त्याच्या हाताला त्याची पक्कड बसलेली असते, नवी त्याला नकोच असते, असं उत्तर माझ्यापाशी तयार आहे. ते मला इतकं सोयीचं आहे की खोटंच असणार. आणि सुश्रुताबद्दलही एक गोष्ट मघाशी दडवली. ती एकशे एक यंत्रं मोजताना तो त्याच अध्यायात सांगतो, की सगळ्यांत प्रधान यंत्र हात, कारण त्याच्यावाचून बाकीची चालतच नाहीत. ग्रंथाचा आधार घेण्यात हीच अडचण असते. तो आपल्याला हवा तिथे थांबत नाही.

पंधरावीचं राहिलंच. तिला दात नाहीत. जबडे सपाट, आणि कितीही उघडले तरी एकमेकांना समांतर राहणारे, त्यामुळे चकाकत्या नटावर ओरखडा उठत नाही. माझ्या चौदाही जणींना दात आहेत. न्हाणीघरातला नळ गेले तीन महिने टिपकतो आहे आणि त्याचा नट क्रोमचा आहे. म्हणजे गरज अखेर सिद्ध झाली. आत वायसर कुठल्या मापाचं बसतं, एवढं फक्त वायरमनच्या ओळखीच्या एखाद्या प्लंबरला विचारायला हवं.