सही कुणाची?

अटेस्टेडकाका तुमच्याही सोसायटीत असणारच. खातं वेगळं असेल, मजला वेगळा असेल. पण कॉम्प्युटरने एखादी चौकट पुढ्यात आणली की सारं जग डोळे मिटून ज्या बटणावर बोट दाबतं, त्या बटणाला हातही न लावता आतली सूचना पहिल्या अक्षरापासून स्वल्पविरामांसकट वाचणारा हा गृहस्थ तुम्ही पाहिलेला आहे. एटीएमच्या रांगेत बहुधा तुम्ही त्याच्याच मागे उभे असता.

आमचे काका पाटबंधारे खात्यातून राजपत्रित अधिकारी म्हणून निवृत्त झाले. ते निवृत्त झाले, पण त्यांचं हिरवं पेन झालं नाही. खिशाला दोन पेनं असतात. निळं लिहायला, हिरवं सहीला. वाण्याच्या यादीखाली ते हिरवी सही करतात. दुधाचा हिशेब जुळला की कॅलेंडरवर हिरवी टिक येते. नातीच्या प्रगतिपुस्तकावर पालकांच्या रकान्यात एकदा त्यांनी हिरव्या शाईत ‘मूळ प्रतीवरून पडताळले’ असं लिहून दिलं होतं. बाईंनी ते पुस्तक मुख्याध्यापकांकडे पाठवलं म्हणतात.

असा माणूस सोसायटीचा सेक्रेटरी झाला आणि सोसायटीची मेल त्याच्या हाती आली. ब्राउझरमधली मेल त्यांना पटत नाही, दप्तर आपल्या ताब्यात पाहिजे. म्हणून जावयाने थंडरबर्ड घालून दिला. सोसायटीचं स्वतःच्या नावाचं डोमेन आहे आणि होस्टिंग अर्थातच सगळ्यात स्वस्त कोटेशनवाल्याकडे. पहिल्याच दिवशी चौकट आली: या सर्व्हरची ओळख पटत नाही, तरीही पुढे जायचंय का?

मला फोन आला. ‘‘अरे, वर ये जरा. सही कुणाची आहे ते बघायचंय.’’

आता यात गंमत अशी, की प्रश्न बरोबर होता. मेलचा सर्व्हर आपल्या प्रोग्रॅमला आधी सर्टिफिकेट दाखवतो. त्यावर कुणाच्या नावे दिलंय, कुणी दिलंय आणि कधीपासून कधीपर्यंत चालेल, हे असतं. प्रोग्रॅमजवळ विश्वासू सह्यांची यादी असते, तिच्याशी तो ताडून बघतो. आमच्याकडे सही चोख होती, तारीख चोख होती, नाव मात्र होस्टिंग कंपनीचं होतं. अशा स्वस्तातल्या एकेका मशीनवर शेकडो डोमेन नांदत असतात आणि मशीन आपलं एकच सर्टिफिकेट सगळ्यांना दाखवतं. मी हे सांगितलं. काकांनी चष्मा काढला.

‘‘म्हणजे अर्ज एकाचा, दाखला दुसऱ्याचा. फेटाळला.’’

सेटिंगमध्ये आपल्या नावाऐवजी कंपनीच्या सर्व्हरचं नाव घाला, पोर्ट ९९३ तसाच ठेवा, चौकट जाईल, असं म्हणालो. त्यावर ‘‘सोसायटीचं नाव मी स्वतःच्या हाताने खोडू?’’ एवढंच उत्तर आलं. तोवर काकू आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, ‘‘अहो, तो बिचारा मगापासून विचारतोय, तर एकदा हो म्हणून टाका की.’’ भारतातल्या सायबर सुरक्षेचं धोरण इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

होस्टिंगवाल्याला ते रोज मेल पाठवणार होते, पण मेलच बंद. म्हणून पत्र लिहिलं, रजिस्टर्ड पोस्टाने. सही कुठल्या शाईत हे विचारू नका. शेवटी वैतागून त्याने सोसायटीच्या नावाचं सर्टिफिकेट चढवून दिलं. ते लेट्स एन्क्रिप्टचं, फुकटातलं, नव्वद दिवसांचं. काकांनी तारखा वाचल्या. ‘‘नव्वदच दिवस? उत्पन्नाचा दाखलासुद्धा वर्षभर चालतो रे!’’

मग सुरू झालं ठशांचं प्रकरण. सर्टिफिकेट उघडून बघितलं की खाली त्याचा एसएचए-२५६ ठसा दिसतो. चौसष्ट अक्षरं, दोन-दोनच्या जोड्या, मध्ये विसर्गासारखी टिंबं. काका तो ठसा फुलस्केप कागदावर हिरव्या शाईत उतरवून घेतात. मग मी पडद्यावरून वाचायचं आणि त्यांनी कागदावर टिका करत जायचं: ‘‘थ्री एफ.’’ ‘‘हं.’’ ‘‘झीरो नाइन.’’ ‘‘हं.’’ ‘‘बी फोर.’’ ‘‘बी की डी?’’ कागदाला तारीख, वेळ, सही, मग फाइल. सर्टिफिकेट नवं झालं की ठसाही नवा येतो, हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू तो मीच बदलला होता. एकदा त्यांनी होस्टिंगच्या हेल्पलाइनवरच्या मुलीला फोनवर अख्खा ठसा वाचून दाखवायला लावला. ती दमून ‘सर, आप यस दबा दीजिए ना’ म्हणाली, तेव्हा काकांनी तिचा हुद्दा विचारला. हसायला ठीक आहे, पण अनोळखी सर्टिफिकेटची खातरजमा करायची खरी पद्धत तीच आहे: दुसऱ्या मार्गाने ठसा मागवायचा आणि ताडून बघायचा. ती पाळणारा माणूस मी एकच पाहिला.

खरा भडका उडाला तो सर्व्हर बदलताना. चार दिवस एका तात्पुरत्या मशीनवर मेल होती आणि तिचं सर्टिफिकेट उघडून बघावं तर घेणारा आणि देणारा एकच. स्वतःच स्वतःला दिलेलं! काका खुर्चीतून उठले. हा घाव जुना होता. २०१४ च्या सुमारास केंद्र सरकारने झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही बंद करून ज्याची त्याने स्वतःच सही करावी असं सुरू केलं, पाठोपाठ महाराष्ट्रानेही. ‘‘उद्या आरोपीलाच विचारा, बाबा रे, तू निर्दोष आहेस ना? कर सही!’’

मीही चिडलेलो होतो. म्हणून त्याच वर्षातली दुसरी गोष्ट सांगितली. जुलै २०१४ मध्ये गूगलला आपल्याच डोमेनच्या नावाची परवानगी नसलेली सर्टिफिकेटं सापडली. ती निघाली होती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे आपल्या एनआयसीच्या सहीने. त्या सहीला वरून भारत सरकारच्या नियंत्रकांची सही होती आणि ती मायक्रोसॉफ्टच्या विश्वासू यादीत होती. नियंत्रकांनी एनआयसीची सही तातडीने रद्द केली. त्याआधी २०११ मध्ये हॉलंडच्या डिजिनोटार या संस्थेत चोर शिरून गूगलच्या नावाची खोटी सर्टिफिकेटं घेऊन गेले, ती इराणात वापरली गेली आणि संस्थेचं दिवाळं वाजलं.

मला वाटलं काका खचतील. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘शिक्का कुणाच्या ताब्यात होता?’’

जगभरच्या तज्ज्ञांनीही फिरवून फिरवून हेच विचारलं होतं.

त्यानंतर व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रॅमने येणाऱ्या मेलमध्ये नाक खुपसून त्यावर आपलीच सही ठोकायला सुरुवात केली. थंडरबर्डच्या विश्वासाच्या यादीत ती सही नव्हती, त्यामुळे त्याने ती ओळखली नाही. ‘‘आवक-जावकचा कारकून टपाल फोडून परत डिंक लावतोय,’’ असं म्हणून काकांनी त्याची मेल तपासणी बंद करायला लावली. ते प्रकरण लवकर मिटलं.

आणि मग एका सकाळी सगळंच बंद पडलं. सोसायटीची मेल, त्यांची स्वतःची, जावयाने काढून दिलेली, सगळ्यांवर चौकटी. सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही म्हणे. मी खाली कोपऱ्यात बघितलं. कॉम्प्युटरच्या मते त्या दिवशी १ जानेवारी २००९ होता. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सीआर२०३२ सेल मेला की मशीनला तारीख आठवत नाही, ते जुन्या कुठल्यातरी वर्षात जाऊन बसतं आणि आजची सगळी सर्टिफिकेटं त्याला भविष्यातली वाटतात. सेल बदलला की झालं. मी तारीख सरळ करायला माउस धरला.

‘‘थांब जरा,’’ काका म्हणाले. ‘‘दोन हजार नऊ...’’

‘‘काय झालं?’’

‘‘नऊच्या जूनमध्ये जिन्यापर्यंत रांग होती. अकरावीची, डिप्लोमाची पोरं. ही चहा करून थकायची. मी मूळ मार्कलिस्ट मागायचो, एकेक विषयाचे मार्क जुळवायचो. बाकीचे साहेब गठ्ठ्यावर सह्या मारायचे. माझ्याकडे वेळ लागतो म्हणून पोरं कंटाळायची.’’ मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘यायची पण.’’

काकू आतून काही बोलल्या नाहीत.

आता त्या दाराची बेल कुरिअरवाला वाजवतो. नोव्हेंबरात काका स्वतः हयात असल्याचं मोबाइलला चेहरा दाखवून सिद्ध करतात, तिथेही सही लागत नाही. उभ्या जगात त्यांना ‘विश्वास ठेवू का, साहेब?’ असं थांबून विचारणारी ही एवढी एकच चौकट उरली आहे. ते घाई करत नाहीत याचं मला पूर्वी नवल वाटायचं.

म्हणून सांगतो, त्यांच्यासारखा त्रासदायक शेजारी कुणाला मिळू नये आणि त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुणाला आम्ही सेक्रेटरी करणार नाही. एवढ्या मोठ्या सोसायटीत ‘नाही’ हे बटण कशासाठी ठेवलंय हे ठाऊक असलेला माणूस एकच आहे. पुढे तर काम वाढणारच आहे. १५ मार्च २०२९ पासून अशी सर्टिफिकेटं जास्तीत जास्त ४७ दिवसांची असतील, असं ती देणाऱ्यांनी आणि ब्राउझर बनवणाऱ्यांनी मिळून २०२५ मध्ये ठरवलं. काकांनी बातमी वाचली आणि हिरव्या रिफिलचा डबा मागवला.

तेव्हा तुमच्याकडे चौकट आली, तर आधी कॉम्प्युटरची तारीख बघा. मग सर्व्हरचं नाव बघा, मग व्हायरसवाल्या प्रोग्रॅमकडे बघा. आणि अपवाद कायमचा जपून ठेवण्याच्या ओळीपुढे आयती केलेली खूण असते, ती आधी काढा. एवढ्यावरही अडलं तर खुशाल काकांकडे या, संध्याकाळी पाच ते सात. येताना मूळ प्रत आणि एक झेरॉक्स आणा. मूळ प्रत नसेल तर ते दार उघडतील, पण सही मिळणार नाही.