पाऊणकीचा हिशेब

समोरच्याला भोळसट ठरवणाऱ्या ‘अलिबागसे आया है क्या?’ या सवालावर बंदी आणा, अशी मागणी घेऊन एक अलिबागकर मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. 2019 साली न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर. निकालाबद्दल तक्रार नाही. पण भोळसटपणा तपासायचाच, तर अलिबागला जाणाऱ्याचा तपासावा, आणि त्याला पहिला साक्षीदार समुद्र. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, भरतीला होडी लागते. कोळीवाड्यात याचा हिशेब तोंडपाठ: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला बाराच्या आगेमागे. मुंबईकर तिथी नव्हे, सुट्टी बघून निघतो. पौर्णिमा रविवारी आली की वडखळला मिसळ हाणून तो ऐन बाराला किनाऱ्यावर उतरतो आणि पाणी एवढं का चढलंय, असं शहाळेवाल्याला दरडावतो. हल्ली भरतीची वेळ मोबाइलवर दिसते, हा आक्षेप मान्य. जाण्याची वेळ सगळे बघतात हो, परतीची कोण बघतो? किल्ल्यातल्या गोड्या पाण्याच्या तळ्यापाशी डबे रिकामे होईस्तोवर खाली वाट बुडालेली असते.

मुंबई सोडून इथे शहाणपणाने आलेली मला एकच दिसते, ती म्हणजे चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार आणि तिथल्या कुलाब्यातल्या नोंदी बिघडणार, हे ओळखून तिने 1904 साली अलिबाग गाठलं. ट्रामला भिऊन आलेल्या या नाजूक पाहुणीच्या गावात आता दर शनिवारी मोटारींची रांग लागते, आणि 2020 पासून तर रो-रो बोटीतून मोटार थेट मांडव्याला उतरते.

पर्यटकांमुळेच गावात पैसा येतो, त्यांना वेड्यात काय काढता, असं कोणी म्हणेल. पण तो पैसाच तर माझा पुरावा. समुद्र फुकट आहे. त्याच्याकडे पाठ करून कोळंबी खाण्याचे पैसे जो घेतो, तो भोळा कसा? तिथे बिलाकडे न बघणारं गिऱ्हाईक पुढे रस्त्याकडेच्या पांढऱ्या कांद्याच्या माळेवर मात्र दहा रुपयांसाठी हुज्जत घालतं. या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हे त्याच्या गावी नसतं. विकणारी मावशी वीस रुपये चढवूनच भाव सांगते, थोडा वेळ कुरकुरते, आणि मग मोठ्या मनाने दहा कमी करते.