तेरखेड्याला दोन मिनिटं थांबू

नाताळच्या रात्री फटाके किती वाजता उडवायचे, हे आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं आहे. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीला रात्री आठ ते दहा असे ऐसपैस दोन तास मिळाले, आणि नाताळच्या व थर्टी फर्स्टच्या वाट्याला आली रात्री ११:५५ ते १२:३० ही पस्तीस मिनिटं. ज्या घरात सात महिन्यांचं मूल आहे, त्या घरात नेमक्या याच पस्तीस मिनिटांत काय चाललेलं असतं, हे बहुधा कोणा वकिलाने न्यायमूर्तींच्या निदर्शनाला आणून दिलं नसावं. मूल नुकतंच झोपलेलं असतं. आई-बाप अंधारात खाणाखुणांनी भांडत असतात. पंखा सुरू करताना बटणाचा आवाज होऊ नये म्हणून बाप त्यावर उशी धरतो.

आमच्या पप्पांनी मात्र निकालाचा अर्थ वेगळा लावला. ते सोलापूर डेपोचे निवृत्त कंडक्टर. "वेळ दिलीय ना? मग गाडी सुटलीच पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. कोर्टाने नाताळला ११:५५ ची वेळ दिली आहे, नातीचा पहिला नाताळ आहे, तेव्हा फटाके न उडवणं म्हणजे फेरी रद्द करणं. आणि फेरी रद्द करणाऱ्यांविषयी पप्पांचं मत लिहिण्यासारखं नाही.

नाताळ माझ्या सासुरवाडीला, जालन्याला व्हायचा होता. सोलापूर, तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा, तेरखेडा, बीड, तिथून गोदावरी ओलांडून वडीगोद्री, अंबड, जालना. पप्पांना हा रस्ता पाठ. गाडीत व्यवस्था अशी होती की बायको चालवणार, तिच्या शेजारी पप्पा, मागे आई, आईच्या मांडीवर करंज्यांचा डबा, शेजारी बाळाच्या सीटमध्ये लेक आणि उरलेल्या जागेत मी. आमच्यात नाताळला केक नंतर. आधी करंज्या, शंकरपाळ्या, अनारसे. बेथलेहेमच्या गोठ्याचा आणि अनारशाचा संबंध काय, असं एका पुण्याच्या मित्राने विचारलं होतं. वसुबारसेच्या गोठ्याचा आणि चकलीचा जो असतो तोच, असं आईने सांगितलं.

आमच्या लेकीचा एक नियम आहे. गाडी पळत असली की झोपणार, थांबली की उठणार. सिग्नल, म्हशी, स्पीडब्रेकर, मोर्चा, कशाचीही सबब चालत नाही. या देशात फास्टॅग ट्रकवाल्यांसाठी आला असं लोक समजतात; तो तान्ह्या मुलांच्या आई-बापांसाठी आला आहे. टोलच्या रांगेत पुढच्या गाडीचा टॅग वाचला गेला नाही, की आमच्या गाडीत चार मोठी माणसं एकदम जागच्या जागी डोलायला लागत. गाडी चालू असल्याचा भास निर्माण करायला.

त्यात पप्पा. तीस वर्षांची सवय. गाव आलं की तोंडातून निघतंच. तुळजापूर आलं, "तुळजापूर, तुळजापूरवाले!" लेक दचकली. बायकोने नुसतं बघितलं. येडशीला त्यांनी स्वतःचं तोंड स्वतःच्या हाताने दाबून धरलं, आणि बोटांच्या फटीतून "येडशी" बाहेर आलंच.

हे सगळं चाललेलं असताना मला योसेफाची आठवण येत होती. नासरेथ ते बेथलेहेम हे अंतर साधारण सोलापूर ते तेरखेडा एवढंच, थोडं जास्त. त्यालाही खानेसुमारीसाठी सरकारी हुकुमावरून निघावं लागलं, मुक्कामाला जागा नाही, बरोबर लेकुरवाळी होऊ घातलेली बायको. पण जाताना मूल पोटात होतं, म्हणजे प्रवास तसा शांतच झाला असणार, असं मी मोठ्याने म्हणालो. "मरियेला विचारलं का?" असा स्टिअरिंगकडून प्रश्न आला. पुढे येरमाळ्यापर्यंत मी काही बोललो नाही. येरमाळ्याला येडेश्वरीच्या दिशेने आईने हात जोडले. आई चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते, पण वाटेत भेटलेल्या कोणालाही नमस्कार न करता जाणं हा तिला उद्धटपणा वाटतो.

"तेरखेड्याला दोन मिनिटं थांबू," पप्पा म्हणाले.

वाशी तालुक्यातलं हे गाव अख्ख्या मराठवाड्याला माहीत आहे ते आवाजावरून. तमिळनाडूत शिवकाशी, तसं आमच्याकडे तेरखेडा. बालाघाटच्या या कोरड्या माळावर फटाके हाताने बनतात. गावाबाहेर रानात, एकमेकांपासून लांब लांब ठेवलेल्या शेडमध्ये. सोरा, गंधक, कोळसा. वरून सुतळीचे वेढे घट्ट आवळले की सुतळी बॉम्ब. जितकी आवळ पक्की तितका दणका. मराठवाड्यात उरूस असो, जत्रा असो, सरपंच निवडून येवो, नवरदेव घोड्यावर बसो, आभाळात जे फुटतं त्यातलं पुष्कळसं इथल्या बायका-माणसांच्या बोटांतून गेलेलं असतं. शेडमध्ये स्फोट होऊन माणसं गेल्याच्या बातम्याही याच गावातून अधूनमधून येतात. बायको नर्स आहे. तिने भाजलेल्यांच्या वॉर्डात काम केलेलं आहे. तेरखेड्याचं नाव निघालं की इतरांना दिवाळी आठवते, तिला वेगळं आठवतं.

पप्पांचं आणि तेरखेड्याचं वैर जुनं. एसटीत स्फोटक आणि ज्वालाग्राही माल न्यायला बंदी. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर या थांब्यावर माणसं पिशव्या घेऊन चढायची, आणि पप्पा वासावरून ओळखायचे. धोतरात लपवलेली लवंगी माळ, धान्याच्या पोत्यात रॉकेट, एकदा तर एका म्हातारीच्या नऊवारीच्या ओच्यात भुईनळे. सगळ्यांना पप्पांनी उतरवलं. घरी आम्हाला मात्र त्यांनी तेरखेड्याचा फटाका कधी आणला नाही, कारण आणायचा कसा? एसटीतूनच आणावा लागला असता. माझं सगळं बालपण असं नियमाने, शांततेत गेलं. आता निवृत्ती झाली होती, गाडी घरची होती, आणि नात झाली होती.

"थांबायचं नाही. थांबली की ही उठेल," बायको म्हणाली. शेवटी तोडगा निघाला. तिने गाडी हळू केली, मी आणि पप्पांनी चालत्या गाडीतून उतरल्यासारखं उतरायचं, आणि आमची खरेदी होईपर्यंत ती गाडी सर्व्हिस रोडवर फिरवत राहणार. पप्पा तर सफाईने उतरले, गाडीच्या दिशेने तोंड करून, पायांत अंतर राखून. मी शेंगांच्या ढिगाऱ्याशेजारी उतरलो. शेंगवाल्या बाईने मला हात दिला आणि वर पाव किलो शेंगा दिल्या, पैसे घेऊन.

डिसेंबरात तेरखेड्यात थांबणारं गिऱ्हाईक दोनच प्रकारचं. दुकानदाराने वर न बघताच विचारलं, "लग्न का गुलाल?"

"नाताळ," पप्पा म्हणाले.

"म्हंजी सायबाची दिवाळी."

"साहेबाची नाही. माझ्या नातीची."

दुकानदाराने आता वर बघितलं. "पैलीच नात? बसा की मग. च्या घ्या." मग व्यवहाराचं बोलणं निघालं. "आवाजाचं दावू का उजेडाचं?"

"उजेडाचं," मी म्हणालो.

"दोन्ही," पप्पा म्हणाले.

फुलबाज्या निघाल्या, भुईचक्रं निघाली, पाऊस निघाला, हजारी माळ निघाली. खोक्यांवर गुटगुटीत बाळांची चित्रं. एकही रडत नव्हतं. फटाक्याचा आवाज चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वर जाता कामा नये असा सरकारी नियम आहे. पप्पांनी चष्मा लावून प्रत्येक खोक्यावर तो शोधला. मी दुकानदाराला विचारलं, हरित फटाके आहेत का. नागपूरच्या नीरी संस्थेने कमी धुराचे फटाके तयार केले आहेत; त्यांच्या तीन जातींना स्वास, सफल आणि स्टार अशी नावं आहेत. स्टार हे नाव ऐकून पप्पांचा चेहरा उजळला. पूर्वेच्या ज्ञानी लोकांना वाट दाखवणारा तारा नागपूरहून निघाला असता तर ते वेळेत पोचले असते, असं काहीतरी ते पुटपुटले. मग म्हणाले, "ते असू दे, सुतळी किती?"

एवढ्यात आमची गाडी समोरून गेली. थोड्या वेळाने उलट दिशेने गेली. मग पुन्हा. चहावाला, शेंगवाली, पंक्चरवाला सगळे एका लयीत माना वळवायला लागले होते. "ती बाई वाट चुकली काय?" दुकानदाराने विचारलं. "नाही, पोरगी झोपवतीये," असं सांगितल्यावर त्याने त्याच्या थोरल्याच्या वेळची हकीकत सांगितली. त्या पोराला गिरणीशिवाय झोप नव्हती. रोज दुपारी पिठाच्या गिरणीत जाऊन बसावं लागे, आणि लोक म्हणायचे या घरात भाकरी फार खपतात.

दोन पिशव्या भरून आम्ही रस्त्याकडेला उभे राहिलो. गाडी आली. काच खाली झाली, जेमतेम चार बोटं.

"त्या पिशव्यांत काय आहे?"

"उजेडाचं," पप्पा म्हणाले.

"पप्पा, गाडीत एक तर बाळ येईल नाहीतर फटाके. तुम्ही ठरवा." काच वर गेली. गाडी पुढे.

वाद घालायला जागाच नव्हती. वादाला गाडी थांबावी लागते. पप्पांनी जरा विचार केला आणि पुढच्या फेरीला आईकडून खिडकीतून करंज्यांचा डबा मागून घेतला. करंज्या आईच्या मांडीवर वर्तमानपत्रात ओतल्या. डब्यात फटाके गेले, वर झाकण बसलं, त्यावर आईचा रुमाल बांधला. "मी बीडपर्यंत एसटीनं येतो," पप्पा म्हणाले. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. चर्चच्या पंच कमिटीतला माणूस, राज्य परिवहन महामंडळाचा बिल्ला आयुष्यभर छातीवर वागवलेला. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी धावली ही तारीख आमच्याकडे वाढदिवसांच्या यादीत आहे. १८३१ साली अमेरिकन मिशन नगरला आलं, तेव्हा आमचा नाताळही तिथूनच आला; नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या चालीवर लिहिलेली भजनं आई बाळाला म्हणते ती तिथलीच. पप्पांच्या मते जगातल्या सगळ्या चांगल्या गोष्टींचा नगर हा मूळ थांबा आहे. आणि तो माणूस डबा घेऊन लाल बसमध्ये चढला.

आम्ही मागून निघालो. बसने थांबा सोडला, शंभरेक मीटर गेली आणि एक बेल ऐकू आली. बस थांबली. दार उघडलं. डबा आधी उतरला, मग पप्पा.

आत काय झालं ते त्यांनीच नंतर सांगितलं, आणि नंतर जालन्यात प्रत्येकाला सांगितलं. कंडक्टर कोवळा पोरगा. "आजोबा, डब्यात काय?" "करंज्या." "नाताळच्या का? मग द्या की एक." इथे पप्पांची वाचा गेली. चोवीस डिसेंबरला, पंच कमिटीच्या सभासदाने, दुसऱ्यांदा खोटं कसं बोलावं? पोराने डब्याजवळ नाक नेलं आणि हात वर करून दोरी ओढली. "रूल आहे आजोबा. उतरा."

पप्पा उतरले ते भलत्याच आनंदात. "वासावरून ओळखलं!" ते म्हणाले. "कोणी शिकवलं असेल याला? डेपो मॅनेजरला पत्र लिहायला पाहिजे." तीस वर्षांत त्यांनी खाली उतरवलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी त्या क्षणी कुठेतरी ओचा झटकला असेल.

डबा दुकानात परत गेला. दुकानदार पैसे परत द्यायला तयार नव्हता. अपशकुन होतो म्हणाला. त्याने वही काढली, नाव लिहिलं, रक्कम लिहिली. "जमा धरतो. नातीच्या लग्नाला या, तवा न्या." पप्पांनी वहीतली नोंद वाचून सही केली आणि रीतीप्रमाणे पावती मागितली. रिकाम्या डब्यात करंज्या परत भरताना निम्म्या फुटल्या. त्यांना बारूदाचा वास लागला तो लागलाच. जालन्याच्या व्याह्यांनी पुढे तीन खाल्ल्या आणि विचारलं, सारणात ओवा घातलाय का?

पारगावचा टोल, बीड, गेवराई, गोदावरीचा पूल हे सगळं झोपेत गेलं. पवनचक्क्या दिसल्या तेव्हा मात्र लेक आपणहून जागी झाली, चालत्या गाडीत, नियम मोडून. बराच वेळ बघत राहिली. पहिल्या नाताळची तिची जी काही आठवण असेल, ती हीच असावी असा माझा अंदाज आहे. चांदणी, झगा, लाल टोपी यांतल्या कशाकडेही तिने एवढं लक्ष दिलं नाही. टोपी तिने खाल्ली.

जालन्यात पोचलो तर अंगणात कागदी चांदणी लागलेली, ओट्यावर तबला-झांजांची भजनमंडळी बसलेली, आणि व्याही एका खोक्याशेजारी उभे. दिवाळीतच आणून ठेवलेला माल. "खास तेरखेड्याचा," ते म्हणाले. पप्पांनी त्यांना मिठी मारली. लग्नातही एवढी मारली नव्हती.

बायकोने तोवर आतली खोली ताब्यात घेतली. खिडक्या लावल्या, फटींत टॉवेल कोंबले, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला फटाक्यांची जागा स्वतः खडूने आखून दिली आणि पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवायला लावल्या. ११:५४ ला दोन्ही आजोबा घड्याळं जुळवून उभे राहिले. ११:५५ ला सुरुवात झाली. सुतळी, माळ, पाऊस, पुन्हा सुतळी. आत मी आणि बायको पलंगाच्या दोन बाजूंना हात पुढे करून तयार. लेक ढिम्म हलली नाही. गल्लीतली कुत्री पळाली, शेजारचं पोर रडलं. ही तोंड उघडं टाकून झोपलेली. पावणेतीनशे किलोमीटर इंजिनाच्या घरघरीत काढलेल्या बाईला सुतळी बॉम्ब काय!

बरोबर १२:३० ला पप्पांनी पेटती उदबत्ती बादलीत बुडवली. व्याह्यांच्या हातात एक भुईनळा उरला होता, तोही त्यांनी ठेवायला लावला. वेळ संपली म्हणजे संपली. अंगण एकदम गप्प झालं.

आणि लेक उठली.

दीड वाजता आम्ही जालन्याच्या रिकाम्या रस्त्यांवरून गाडी फिरवत होतो. बायको स्टिअरिंगवर, मागे मी. पप्पा बोलवलं नसताना स्वेटर घालून पुढे येऊन बसले होते.

"अंबड चौफुलीपर्यंत जाऊन परत," बायको म्हणाली.

"अंबड चौफुली," पप्पांनी शक्य तितक्या हळू आवाजात पुकारलं. मग मागे वळून लेकीकडे बघितलं. "पाच वर्षांखालचं आहे. तिकीट नाही. पण तुझं पूर्ण काढावं लागेल."