डिमांड मुरवण्याची कृती

आयकर खात्याची डिमांड नोटीस लोणच्यासारखी असते, मुरल्याशिवाय चव येत नाही. नवशिके लोक घाबरून तिसऱ्याच दिवशी बरणी उघडतात आणि सगळा खेळ घालवतात. म्हणून ही कृती.

साहित्य: एक पॅन कार्ड, न उघडलेले ईमेल आणि ‘मार्चमध्ये बघू’ म्हणायची घराणेदार सवय.

सुरुवातीला काहीही करू नये. कलम 156 खालची नोटीस आली की पैसे भरायला साधारण 30 दिवस मिळतात, ते शांतपणे जाऊ द्यावेत. मग कलम 220(2) प्रमाणे दरमहा एक टक्का व्याज सुरू होतं, आणि महिन्याचा एक दिवस उलटला तरी अख्खा महिना धरतात. 48,000 रुपयांच्या डिमांडवर महिन्याला 480, म्हणजे तीन वर्षांत 17,280. तुमची एफडी इतक्या निष्ठेने वाढत नाही. दरम्यान पुढच्या वर्षीचा रिफंड खातं परस्पर या थकबाकीत वळतं करतं. तशी आधी सूचना येते. पण ती ईमेलवर येते, आणि ईमेल तर आपण उघडत नाही.

कोणी हिणवलंच तर 2024 चा अंतरिम अर्थसंकल्प तोंडावर फेकावा. सरकारने त्यात 2009-10 पर्यंतच्या 25,000 रुपयांपर्यंतच्या आणि 2010-11 ते 2014-15 मधल्या 10,000 रुपयांपर्यंतच्या डिमांड सोडून दिल्या होत्या. मुरवणाऱ्यांच्या घरी त्या फेब्रुवारीत दिवाळी झाली. तुमची डिमांड 2021 ची आहे, हे सांगत बसू नये.

नोटीस खरी की खोटी, हेही तपासू नये. 1 ऑक्टोबर 2019 पासून खात्याच्या पत्रांवर दस्तऐवज क्रमांक, म्हणजे डीआयएन, असतो आणि पोर्टलवर लॉगिन न करता तो पडताळता येतो. एवढा त्रास कशाला? खऱ्या नोटिशीला उत्तर देऊ नये आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘तुमचा रिफंड मंजूर’ लिंकवर मात्र तातडीने बँकेचा तपशील भरावा.

कधीतरी पोर्टल उघडावंच लागतं. तिथे डिमांडपुढे दोन मुख्य पर्याय दिसतात: मान्य आहे किंवा मान्य नाही. कटकट मिटवायला ‘मान्य’ दाबून मोकळं व्हावं. एकदा मान्य म्हटलं की तिथे नंतर ‘अमान्य’ म्हणता येत नाही, हीच त्यातली मजा. खरं तर कंपनीने तुमच्या पगारातून टीडीएस कापून सरकारकडे भरलाच नसेल, तर कलम 205 प्रमाणे तो कर तुमच्याकडून वसूल करता येत नाही. त्यासाठी पगारपत्रकं हाताशी लागतात. चलनावर चुकीचं वर्ष पडलं असेल, तर आधी चलन दुरुस्त करून घ्यावं लागतं. 26एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा कराचा तक्ता, आणि रिटर्न जुळत नसतील, तर कलम 154 खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. अपील करायचं तर आदेश मिळाल्यापासून 30 दिवस, फी 250 ते 1,000 रुपये. पैसे खरंच देणं असतील आणि एकरकमी जमत नसतील, तर हप्ते मागता येतात. या गोष्टी कळल्या की डिमांड मुरत नाही, म्हणून सांगत नव्हतो.

(कलमांचे हे आकडे 1961 च्या कायद्यातले. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा आला आणि आकडे बदलले. जुन्या वर्षांची थकबाकी मात्र जुन्याच कायद्याखाली आपली वाट पाहत उभी आहे.)

आता प्रतिनिधी. ‘आत ओळख आहे’ म्हणणारा सर्वांत चांगला. आता अनेक प्रकरणं फेसलेस झाली, अधिकारी कोण हे करदात्याला कळत नाही. तरीही याची ओळख आहेच, यावरून त्याची पोच लक्षात घ्यावी. त्याहून चांगला तो, जो रिफंडमधला टक्का मागतो. तो तुमच्या रिटर्नमध्ये कलम 80जीजीसी खाली राजकीय देणगी दाखवील, मग तुम्ही आयुष्यात कुठल्या पक्षाला चहाही पाजला नसला तरी चालेल. जुलै 2025 मध्ये अशा खोट्या वजावटींसाठी देशभर सुमारे 150 ठिकाणी तपासणी झाली. चुकीची माहिती दिल्याचा दंड वाचवलेल्या कराच्या दुप्पट असतो, आणि तो एजंटाला नव्हे, तुम्हाला.

हौस नसलेल्यांनी सीए किंवा वकील पाहावा. सीएचा सदस्य क्रमांक विचारून तो त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येतो. निकाल लागला तरच फी, असं वकिलाला ठरवता येत नाही. तसं कोणी म्हणाला तर उठून यावं. फी, काम आणि मुदत लेखी घ्यावी. आणि कलम 288 प्रमाणे नात्यातला माणूसही तुमच्या वतीने उभा राहू शकतो, फक्त त्याला अधिकारपत्र द्यावं लागतं. बी.कॉम. झालेला, रिकामा बसलेला भाचा असेल तर विचारून बघा. निदान तो कागद वाचेल.

शेवटचं, यात थट्टा नाही. पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये रिटर्न भरणाऱ्याने स्वतःचाच ईमेल आणि मोबाइल टाकलेला असू शकतो, मग सगळ्या नोटिसा त्याच्याकडे जातात. ते दोन्ही आजच बदलून घ्या, आणि पासवर्डही.