कोपऱ्यातला देव आणि भिंतीवरचं सरकार

'येथे थुंकू नये – हुकूमावरून' ही पाटी सरकारी कचेरीच्या जिन्यात हमखास भेटते, आणि तिच्याभोवतीचा ताजा लाल रंग पाहिला की ती पुष्कळांनी जवळून वाचली आहे याबद्दल शंका उरत नाही. एखादी पिचकारी नेमकी 'नये'तल्या 'न'वर बसली, की पाटी 'येथे थुंकू, ये' असं अगत्याचं आमंत्रण देऊ लागते. हुकूम कोणाचा हे मात्र तिथे लिहिलेलं नसतं. त्या जागी आपलं नाव असावं असं कोणत्या साहेबाला वाटेल? स्वच्छतेच्या सरकारी जाहिरातीचं सगळं दुखणं या पाटीत आहे. थुंकणं वाईट, हे थुंकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर तो कोपरा शोधतो. ज्याला जे माहीत आहे, तेच त्याला पुन्हा ऐकवायचं, याला जाहिरात म्हणत नाहीत, कटकट म्हणतात. आणि कटकटीकडे कानाडोळा कसा करावा, याचं शिक्षण आपल्याला घरोघरी फुकट मिळालेलं असतं.

सरकारचा हुकूम चालेना, तेव्हा जनतेने वरच्या कोर्टात धाव घेतली आणि जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या फरशा बसवल्या. गणपती, साईबाबा, शेजारी क्रूस, पलीकडे मक्का. सर्वधर्मसमभाव एवढ्या कमी जागेत आणि एवढ्या कमी उंचीवर दुसरीकडे कुठे नांदत नसेल. या फरशीवर एकही अक्षर नसतं, तरी ती पाटीपेक्षा सरस ठरते, कारण ती बोलते तेव्हा तोंड भरलेला माणूस समोर उभा असतो. पण तिचं यशही तपासून घेतलं पाहिजे. देव पाहून तो माणूस तोबरा गिळत नाही; मजला बदलतो. देवाने भिंत वाचवली, थुंकी फक्त दोन पायऱ्या वर गेली. धाक म्हणजे सवय नव्हे, स्थलांतर.

गावोगावची गुड मॉर्निंग पथकंही याच जातीची. पहाटेच्या अंधारात टमरेल घेऊन निघालेल्या माणसासमोर शिट्टी वाजवायची, नाहीतर हातात गुलाबाचं फूल द्यायचं. एका हातात टमरेल, दुसऱ्यात गुलाब आणि पोटात कळ, अशा अवस्थेत हृदयपरिवर्तन होईल हा विश्वास थोरच म्हणायचा. एका गोष्टीसाठी मात्र सरकारला मुजरा केला पाहिजे. एरवी 'उपरोक्त विषयान्वये' बोलणाऱ्या खात्याने 'हागणदारीमुक्त गाव' असं रोखठोक मराठी कमानीवर रंगवलं. नवरदेवाचं वऱ्हाड वेशीवर आलं की पहिलं स्वागत तेच करतं.

यावर कोणी म्हणेल, जाहिरातींनी काहीच केलं नाही का? केलं. जो विषय आपण 'परसाकडे', 'बाहेर', 'डबा' अशा आडोशाला लपवत आलो, तो विद्या बालन आणि अमिताभ बच्चन यांनी घरच्या टीव्हीवर आणला. डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या सुनेला उघड्यावर पाठवता कसे, हा विद्याबाईंचा सवाल बिनतोड होता. पण तो पटल्यावर पुढे काय? 12,000 रुपयांच्या अनुदानातून संडास उभा राहिला आणि कित्येक ठिकाणी त्यात गोवऱ्या रचल्या गेल्या. त्या घरांना उपदेश कमी पडला नव्हता, एका प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं: खड्डा भरला तर उपसायचा कोणी? या 'कोणी'चं जुनं उत्तर जातीने देऊन ठेवलं होतं, आणि ते उच्चारायची तयारी कोणत्याच घोषणेची नव्हती. खरी माहिती साधी आहे. खड्डे दोन असतात; पहिला भरायला बेताच्या आकाराच्या कुटुंबाला काही वर्षं लागतात; मग तो बंद करून दुसरा वापरायचा; दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं. 2017च्या फेब्रुवारीत केंद्रीय स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत अशा खड्ड्यात स्वतः उतरले आणि त्यांनी ते खत हाताने बाहेर काढलं. या एका कृतीत माहिती होती, आणि ती देणाऱ्याचे हात होते. पाटीवरच्या हुकमाला नेमके हेच दोन अवयव नसतात.

दुसरा आक्षेप हातखंडा आहे: आपले लोकच तसे! मग लोकलच्या दारातून पिचकारी सोडणारा माणूस मेट्रोत शिरताच सज्जन कसा होतो? डबा स्वच्छ आहे, कॅमेरा पाहतो आहे आणि मुख्य म्हणजे खिडकी उघडत नाही. संस्कार तेच, डबा वेगळा. शिवाय निम्म्या जनतेला तर उपदेशाची गरजच नाही. मुंबईत 2011पासून 'राइट टू पी'वाल्या बायका मागत आल्या आहेत त्या मुताऱ्या: फुकट, स्वच्छ, सुरक्षित. त्यांना पोस्टर दाखवणं म्हणजे उपाशी माणसाला जेवणाचे फायदे समजावणं.

राज्याने 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं आणि त्याला गाडगेबाबांचं नाव दिलं. नाव घेतलं, क्रम मात्र घेतला नाही. बाबा गावात शिरले की आधी खराटा चालायचा आणि कीर्तन रात्री व्हायचं. झाडलेल्या जागेवर बसून ऐकणाऱ्याला वेगळा दृष्टांत लागत नसे. आपण कीर्तनाचं कंत्राट आधी देतो, आणि खराटा फोटोपुरता आणतो. तेव्हा जिन्यातली ती पाटी पुसून तिथे एवढंच लिहावं: 'मुतारी डावीकडे. उघडी आहे. आत पाणी आहे.' ही तीन वाक्यं बारा महिने खरी ठेवायला जो पैसा लागेल, तो खुशाल जाहिरात खर्चात दाखवावा. आणि खाली 'हुकूमावरून' ऐवजी, ज्याने नळाला पाणी आहे की नाही ते बघायचं, त्याचं नाव घालावं.