वजन ६६, वय ४८

गुलमर्गला घोडा भाड्याने घेताना कोणी वजन विचारत नाही. स्की घेताना मात्र विचारतात. वजन, उंची, वय, वर तुम्ही कितपत तरबेज आहात तेही. म्हणजे स्थळाला द्यावी लागते तेवढी सगळी माहिती, आणि तीही बायको शेजारी उभी असताना. मी ती स्थळाला द्यावी तशीच दिली. वजन ७६ होतं, ६६ सांगितलं. वय ५२ होतं, ४८ वर आणलं. उंची १६८ सेंटिमीटर. तिथे हात चालवता आला नाही, कारण दुकानातला पोरगा समोरच उभा होता. कौशल्याच्या रकान्यात ‘मध्यम’ म्हणणार, तोच ही बोलली, "पहिली बार आये हैं ये!"

मग बूट. स्कीच्या बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, पावलाची लांबी तेच माप. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे टेकायला हवीत, गुडघे वाकवले की किंचित मागे सरकायला हवीत. असा बूट घट्ट वाटतो; खरं तर छळतो. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचाच घ्यायचा असतो, अशा घरात मी वाढलेला. जाणकार बुटात एकच पातळ, लांब मोजा घालतात, कारण आत जागा राहिली की पाऊल वळतं आणि स्की जागच्या जागी राहते. मी चांगला ऐसपैस बूट निवडला.

पोराने काढलेली स्कीची जोडी माझ्या हनुवटीपर्यंत येत होती. मधे अरुंद, हाताने दाबली तर वाकणारी. नवशिक्याला हीच लागते: आखूड असली की लवकर वळते, मऊ असली की चुका पोटात घालते. पूर्वी हात वर करून मनगटापर्यंत पोचेल एवढी स्की देत. १९९० च्या दशकात कमरेत बारीक, टोकांना रुंद अशा स्की आल्या आणि लांबी उतरली. मी स्की पाहिल्या होत्या त्या बॉण्डपटांत, आणि माझे बॉण्डपट त्याआधीचे. मी भिंतीवरच्या जोडीकडे बोट दाखवलं. लांबी १८६ सेंटिमीटर, पायाखाली ११० मिलिमीटर रुंद, वर लाल ड्रॅगन.

"सर, ये पावडर वाला है," पोरगा म्हणाला. म्हणजे गोंडोला रोपवेच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटच्या डोंगरावर जाऊन भुसभुशीत, खोल बर्फात उड्या घेणाऱ्यांसाठी. मी जाणार होतो गोल्फच्या मैदानावर. हिवाळ्यात नवशिक्यांना तिथेच सोडतात.

"चलेगा," मी म्हटलं.

उतार कसला, आमच्या सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प याहून तिरका आहे. "आगे मिलाओ, पीछे खोलो, जनाब!" शिकवणारे ओरडत होते. टोकं जवळ, शेपट्या लांब, की वेग आपोआप कमी होतो. माझी टोकं इतक्या दूर होती, की तिकडे काय चाललंय हे मला कळेपर्यंत डावी स्की उजवीवर चढून बसलेली असे. रुंद स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आणायलाही वेळ लागतो. तेवढ्यात घसरगाडीवर बसलेलं एक कुटुंब माझ्या दिशेने आलं, किंवा मी त्यांच्या. मी कललो, गुडघा वळायला लागला आणि ‘खट्’ आवाज होऊन बूट स्कीतून सुटला. ड्रॅगन ब्रेकचे दोन काटे बर्फात रोवून तिथेच थांबला. मी थोडा पुढे जाऊन थांबलो.

गुडघा वाचला तो बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगमुळे. ते किती जोरावर सुटावं याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि कौशल्य यांवरून काढून स्क्रूने बसवतात. दुकानात परत येऊन मी मुकाट्याने आखूड जोडी मागितली, तेव्हा पोराने पुन्हा वजन विचारलं. या वेळी हिने उत्तर दिलं. छिहत्तर. बावन्न.

पोराने तक्त्यावर बोट फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं. वजन वाढलं म्हणून एक ओळ खाली. पन्नाशी उलटली म्हणून एक ओळ वर. "सर, वही नंबर!"

माझी दोन खोटी एकमेकांना कापून बरोबर उत्तरावर आली होती. मी हिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"आता मोज्यांचे किती जोड घातलेत," ती म्हणाली, "तेही सांगा त्याला."